पाच आकडे म्हणजे एक मैल

प्रिय दादा,

पत्रास कारण तूच. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणारी बाई वेडी की शहाणी, ते लोकांनी ठरवावं. पण तुझ्याशी माझं निम्मं बोलणं लिहूनच झालं ना? तू ब्रह्मदेशात लढाईवर होतास तेव्हा कागदावर, आणि परत आल्यावर पाटीवर. आता तू कुठं का असेनास, मला दुसरी रीत येत नाही.

दिवाळीला माहेरी, गुंजवण्याला आले आहे. शिवऱ्याहून निघाल्यावर दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी झाली, आणि दारात पाय ठेवते न ठेवते तोच आबांनी हातात एक पुडकं दिलं. लाखेचा शिक्का, वर तुझं नाव. टपालवाल्यानं महिन्यामागं आणून दिलेलं. आबांनी ते फोडलंच नव्हतं! शाळेच्या मास्तरांनाही दाखवलं नाही. म्हणाले, त्याचं टपाल आजवर तू वाचलंस, मग आताच दुसऱ्यानं कशाला?

आत तुझे बिल्ले निघाले, दादा. सहा टोकांचा एक पिवळट तारा, दोन गोल बिल्ले आणि रंगीत फितीचे तुकडे. त्यांवर बारीक इंग्रजी अक्षरं. ती मला येत नाहीत, पण तुझा नंबर मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. तोच नंबर होता. मी आधी काय केलं असेल? हसले! लढाई संपली, साहेब गेला, भोरचं संस्थानही गेलं, आणि बिल्ले आत्ता येतायत. तू असतास तर म्हणाला असतास, खेचरावरनं आले असतील. मग मात्र आबांचं तोंड पाहिलं आणि हसू थांबलं.

तुला आठवतं, भरतीला निघालास त्या दिवशी तू आबांना काय सांगितलंस? मी तेव्हा दहा वर्षांची, शेरडांमागं हिंडणारी. तू म्हणालास, "आबा, हौसीला साळंत घाला." आबा म्हणाले, पोरगी शिकून काय दिवे लावणार? तर तू म्हणतोस, "माजी पत्रं कोन वाचनार? टपालवाला वाचंल, तर म्या कितींदा रडलो त्ये समद्या गावाला कळंल." तुझ्या रडण्यापायी माझी शेरडं सुटली आणि पाटी गळ्यात आली. मी तुझ्यावर किती दिवस रागावून होते, तुला माहीत नाही.

पहिलं पत्र वाचायला मला अख्खी दुपार लागली. आबा समोर बसलेले, शेजारचे भिकूकाका उंबऱ्यावर. मधल्या ओळींवर सरकारनं काळी शाई फासलेली. आबा विचारायचे, तिथं काय आहे? मी म्हणायचे, काळं आहे. मग ते हळूच म्हणायचे, तिथंच काहीतरी महत्त्वाचं असणार.

त्याच पत्रात तू लिहिलं होतंस की तुमची तोफ खोलून तिचे आठ भाग आठ खेचरांवर चढवतात आणि डोंगरावर नेऊन पुन्हा जोडतात. आबांना पटेना. त्यांची तोफ म्हणजे गडाच्या वाटेवर मातीत अर्धी रुतलेली, जिच्यावर बसून तू गुरं राखायचास ती. हत्तीनं ओढायची वस्तू. "खेचरावर चढती ती कसली तोफ? पिपानी आसंल," असं म्हणून ते भिकूकाकांकडं बघून हसले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्या जात्याला हात लावून बघायला सुरुवात केली, याचे किती भाग होतील म्हणून.

मग तू गोफणीचं लिहिलंस. समोरच्या कणसावरचं पाखरू दिसतं आणि आपण दगड मारतो, ती जुनी तोफ. घराच्या या अंगाला उभं राहून, छपरावरून, पलीकडच्या परड्यातलं न दिसणारं वानर टिपायचं, ती आजची तोफ. तोफ डोंगराच्या आड लपलेली असते, तिला दुश्मन दिसत नाही. पुढं एक माणूस पोटावर सरपटत जातो, तो बघतो आणि तारेच्या यंत्रावरून सांगतो, जरा डावीकडं, जरा लांब. आबांनी ते दोनदा वाचून घेतलं, गोफण काढली, मला परड्यात बघायला उभं केलं आणि छपरावरून दगड सोडला. भिकूकाकांचा पाण्याचा रांजण फुटला! काकू तीन दिवस बोलल्या नाहीत. आबा मात्र सगळ्यांना सांगत होते की अंतर बरोबर होतं, बाजूच जरा चुकली.

तुमच्या त्या पंजाबी उस्तादाबद्दल तू किती आदरानं लिहायचास. पहिलं महायुद्ध बघितलेला म्हातारा हवालदार. तो सांगायचा, तेव्हा घोडे तोफा ओढायचे आणि दोन्हीकडच्या फौजा चिखलात खंदक खणून वर्षं वर्षं समोरासमोर बसायच्या. त्या लढाईत बंदुकीपेक्षा तोफेनंच जास्त माणसं नेली. आता रबरी चाकांच्या तोफा आल्या, त्या ओढायला मोटारी आल्या, विमान पाडायच्या वेगळ्या आणि रणगाडा फोडायच्या वेगळ्या. पण डोंगर चढायचा म्हटलं की शेवटी खेचरच. तो म्हणायचा, तोफ कितीही बदलू दे, तिला डोळा आणि कान माणसाचाच लागतो. आणि तुला म्हणायचा, तू माझा कान आहेस.

या कानाचं खरं शिक्षण आपल्या बांधावर झालं, ते उस्तादाला कुठं ठाऊक होतं? थंडी सरत आली की लोक राबासाठी फांद्या तोडायला समोरच्या उतारावर जायचे. शेतात अंथरून जाळल्या की तिथं भाताची रोपं जोमानं येतात. आपण दोघं या बांधावर बसून कुऱ्हाडीकडं बघायचो. कुऱ्हाड पडलेली दिसायची आणि "ठक" मागाहून यायचं. मधे किती आकडे मोजून होतात, त्यावर तू सांगायचास की माणूस झऱ्यापाशी आहे की वरच्या कड्याखाली. मी नेहमी हरायचे, कारण मी घाईनं मोजायचे. पलटणीत तुला घड्याळावर मोजायला शिकवलं एवढंच. दुश्मनाच्या तोफेचा जाळ दिसला की मोजायला लागायचं, आवाज आला की थांबायचं. पाच आकडे म्हणजे एक मैल.

हे पत्र आल्यापासून आबा पाच आकड्यांचेच झाले. नसरापूरच्या बाजारात मीठ घ्यायला गेले तरी दुकानदाराला सांगायचे. "माज्या शिरपाच्या कानावर पलटन चालती," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मलाच तुझा मत्सर वाटायला लागला. लोकही मान द्यायचे. आपल्या वाडीत तोफखान्यात गेलेला तू एकटाच!

आणि मग तू आलास. खांद्यावर ती ट्रंक, पायात बूट, दाढी गुळगुळीत. पहिले आठ दिवस तू एकटाच बोलत होतास. आम्ही काही विचारायच्या आत पुढचं सांगायचास, मधेच मोठ्यानं हसायचास. आम्हाला वाटलं, पलटणीत माणसं अशीच होत असतील. पण नंतर लोक कुरबुरायला लागले. आपल्या खोऱ्यात एका उतारावरून दुसऱ्या उतारावर हाळी आली की ओ द्यायचाच, मग बोलावणारा वैरी का असेना. कोण कड्यावरून घसरलंय, कुणाचं जनावर वाघरानं धरलंय, हाळीशिवाय कळणार कसं? आणि तुला दोघातिघांनी हाळी दिली, तर तू मान वर करेनास. माजलाय, म्हणाले. सायबाच्या हाताखाली राहून गावाला विसरला.

तरी ते लोक परके. पण आबांची हाळी? त्या दिवशी ते समोरच्या उतारावर फांद्या तोडत होते. कुऱ्हाड निसटून पायावर बसली. तू अलीकडं बांध घालत होतास, पाठमोरा, त्यांना स्पष्ट दिसत होतास. त्यांनी तुला हाळ्यांवर हाळ्या दिल्या. शेवटी भिकूकाका धावले आणि पाठीवर घालून त्यांना घरी आणलं. तू मागून आलास, रक्त बघून घाबरलास, विचारायला लागलास काय झालं म्हणून. आबा भिंतीकडं तोंड करून एवढंच बोलले, "इंग्रजाच्या तोफंला ओ देत व्हता. बापाला न्हाई दिला."

त्यानंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत. आणि मी काही कमी नव्हते! तुझ्या ताटात भाकरी आपटायची. एकदा तुझ्या पाठीमागं चांगलं मोठ्यानं म्हणाले, सायबाचं तेवढं ऐकू येतं वाटतं. तू शांतपणे जेवत राहिलास, म्हणून मी आणखी चिडले. दादा, आज ते आठवलं की जीभ हासडून द्यावीशी वाटते. त्यातल्या त्यात एकच बरं झालं, की तू ते ऐकलं नाहीस.

त्याच आठवड्यात मी शेतावर तुझी भाकरी घेऊन आले. तू बांधावर बसला होतास. समोर भिकूकाका फांद्या तोडत होते. मी मागून आले तर तुझे ओठ हलत होते. मोजत होतास. कुऱ्हाड पडलेली मलाही दिसली आणि मीही लहानपणासारखं मोजायला लागले. माझ्या घाईच्या मोजणीनं सहाला "ठक" आलं. मी थांबले. तू थांबला नाहीस. तुझे ओठ हलतच होते. दहा झाले असतील, वीस झाले असतील. मग तू मान खाली घातलीस, तळवे गुडघ्यांना पुसलेस आणि पुढची कुऱ्हाड पडताच पुन्हा एकपासून सुरू केलंस.

मी हळू हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग पितळीवर तांब्या आपटला, बांधावरच्या साळुंक्या भर्रकन उडाल्या. तू उडालेल्या साळुंक्यांकडं बघितलंस, माझ्याकडं नाही.

मी पुढं येऊन तुझ्यासमोर बसले आणि काटकीनं मातीत लिहिलं, कधीपासून? तू ते किती वेळ वाचत होतास! एकच तर शब्द होता. मग गरजेपेक्षा मोठ्या आवाजात म्हणालास, "आबांला सांगू नगंस." मी मान डोलावली.

त्या दिवशी मी घरून माझी जुनी पाटी आणली. मी लिहायचे, तू बोलायचास. काय झालं, कसं झालं, सगळं तेव्हा कळलं. आपली तोफ उडते तेव्हा बाकीचे कानात कापूस घालायचे. तुला घालता येत नव्हता. आपल्या तोफांच्या धडाक्यातून पलीकडच्या तोफेचा एक आवाज वेचून काढायचा, तर कान उघडेच हवेत. तू तोफांच्या पुढ्यात खडकावर पडून राहायचास आणि आवाज तुझ्या डोक्यावरून जायचे. नदीच्या उतारावर आपल्या माणसांना पाऊल टाकू न देणारी ती गुहेतली तोफ तुझ्या मोजणीनं सापडली आणि त्या दुपारी अख्खी पायदळाची तुकडी पाण्यातून पार झाली, हेही तू तेव्हाच सांगितलंस. त्याच दिवशी डावा कान गेला. उजवा नंतर हळूहळू गेला.

मी पाटीवर विचारलं, त्या गुहेतली माणसं मेली का रे? तू पाटी माझ्या हातातून घेतलीस आणि स्वतःच पुसलीस. "आवाज बंद पडला येवढं म्या आयकलं. आत कोन व्हतं त्ये पाह्यलं न्हाई. रोज इचार येतो." मी पुन्हा कधी विचारलं नाही. पण तू त्यांचाही विचार करतोस, हे कळल्यावर मला तू आणखी आपला वाटलास.

आणि लपवलंस कशासाठी? तर आबा पाच आकड्यांचं कौतुक बाजारभर सांगत सुटले होते म्हणून! ज्या कानांवर त्यांनी मान ताठ केली, ते कानच गेले हे त्यांना कसं सांगायचं? माजोरडा म्हणवून घेतलंस, बापाचा अबोला सोसलास, पण म्हाताऱ्याचा अभिमान मोडायला तयार झाला नाहीस. मोठा शहाणा! दादा, मी तुझ्यावर एवढी कधीच रागावले नाही आणि एवढा अभिमानही मला कधी वाटला नाही.

तुला दिलेला शब्द मी संध्याकाळपर्यंतही पाळला नाही. चुलीपुढं बसून आबांना सगळं सांगितलं. कापसाचंही सांगितलं. ते नुसता पायाचा फडका सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडत लंगडत समोरच्या उतारावर चढले. मला वाटलं, कुऱ्हाड विसरली असेल. तर त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, काठीला बांधलं आणि हलवायला लागले.

तू खाचरात होतास. मी तुझ्या खांद्याला हात लावून तिकडं बोट दाखवलं. तुला कळायला थोडा वेळ लागला. मग तू दोन्ही हात वर केलेस आणि असा ओ दिलास, असा ओ दिलास, की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली! तो साऱ्या खोऱ्यानं ऐकला, तुला तेवढा ऐकू आला नाही. त्या दिवसापासून वाडीनं तुला कधी तोंडानं हाळी दिली नाही. कुणी फडकं हलवायचं, कुणी घोंगडी. काकूंनी तर एकदा सूप हलवलं होतं.

तू फार दिवस दिले नाहीस रे. ब्रह्मदेशातला तो हिवताप दर वर्षी यायचा आणि एका वर्षी तुला घेऊन गेला. मी शिवऱ्याहून आले तेव्हा तू तापानं फणफणलेला. मी पाटीवर लिहिलं, कसं वाटतंय? तू डोळे बारीक करून वाचलंस आणि म्हणालास, "वळन सुदारलं की तुजं." ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. असं कुणी शेवटचं बोलतं का?

आता कालचं सांगते. बिल्ले बघून झाल्यावर आबांनी तो तारा मुंडाशाच्या टोकाला बांधला आणि काठी घेऊन समोरच्या उताराला लागले. पाय अजून ओढतात. खाली भाताची कापणी चालली होती. सगळी वाडी खाचरात, भिकूकाकाही. मला वाटलं, मुंडासं हलवतील. पण नाही. ते उभे राहिले, छाती भरून घेतली आणि तुला हाळी दिली. तोंडानं, दादा! किती वर्षांनी! "शिरपाऽऽऽ!"

कापणी थांबली. विळे हातात तसेच राहिले. ओ कोण देणार? मला काय झालं कुणास ठाऊक, मी मोजायला लागले. घाईनं नाही, तुझ्यासारखी, घड्याळाच्या ठोक्यानं. सहा झाले. सात झाले. तू मोजत राहायचास तशीच मीही मोजत राहिले. आबा वर एकटे उभे होते. बारा झाले आणि मला पुढचा आकडा म्हणवेना. तोंडातून आकड्याच्या जागी ओ निघाला. लगेच भिकूकाकांचा निघाला, मग काकूंचा, मग एका खाचरातून दुसऱ्या खाचरात गेला आणि सगळ्या वाडीनं तुझ्या नावाच्या हाळीला ओ दिला.

आबा खाली आले. रडत नव्हते, मान ताठ होती. मला म्हणाले, "किती आकडं झालं?"

मी म्हणाले, बारा.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "पाचाला मैल. म्हंजी दोन-अडीच मैल." थोडा वेळ गडाकडं बघत राहिले. "लांब न्हाई ग्येला मग आजून."

दादा, आज सकाळी त्यांनी तुझ्या पत्रांची ट्रंक पुढ्यात ओढली आणि लाजत लाजत विचारलं, "'म्या बरा हाय' आसं कुटं लिवलंय?" मी सासरी गेल्यावर ती पत्रं त्यांना कोण वाचून दाखवत असेल, हा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. तर आता हा माझा शब्द, आणि हा मी संध्याकाळी मोडणार नाही: शिवऱ्याला परत जायच्या आधी आपल्या त्याच पाटीवर त्यांना तुझं नाव गिरवायला शिकवीन, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तुझं पहिलं पत्र ते स्वतः वाचतील. काळ्या शाईच्या ओळी सोडून सगळं. आत्ता ते 'श'शी झुंजतायत आणि मास्तरांपेक्षा मीच जास्त ओरडते आहे.

तू नव्हतास तोवर तुझं टपाल सांभाळणारी आणि तू नसताना तुझा ओ देणारी,
तुझी हौसा